लाल पिशवीत काय जातं?

नर्सिंगचं रजिस्ट्रेशन चालू ठेवायचं तर पाच वर्षांत १५० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं; इंडियन नर्सिंग कौन्सिलनं तसं ठरवून दिलंय. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. फार्मासिस्टांना २०१५ च्या नियमावलीप्रमाणे पाच वर्षांत निदान दोन रिफ्रेशर कोर्स. नियम योग्यच आहेत. औषधं बदलतात, मशिनं बदलतात, कालपर्यंत बरोबर असलेली पद्धत आज धोक्याची ठरते आणि पेशंटला हे कळायचा काही मार्ग नसतो. समोरच्या माणसाला आजचं माहीत असेल, या भरवशावरच तो हात पुढे करतो.

पण हे तास काढायचे कुठून? बदलापूरहून पहाटेची गाडी पकडून परळला मॉर्निंगला पोचणारी सिस्टर, नाइट संपवून घरी गेल्यावर मुलाचा डबा भरून मगच पाठ टेकणारी सिस्टर, यांना दिवसभराची कॉन्फरन्स गाठणं कसं जमणार? रजा मिळत नाही. मिळाली तर घरचं आजारपण नाहीतर लग्नकार्य ती खाऊन टाकतं. म्हणून शिक्षण फोनवर आलं, आणि ते आलं हे फार चांगलं झालं असं मला मनापासून वाटतं. दादर ते बदलापूर एवढ्या वेळात एक धडा नीट ऐकून होतो. रात्री वॉर्ड शांत असेल तर दुसरा.

मी बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि आता एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफच्या प्रशिक्षणाचं काम बघते. आमच्याकडे मराठी मुली आहेत, केरळच्या आहेत, ईशान्येकडच्याही आहेत. कुणी ना कुणी फोन पुढे करून विचारतंच, "मॅडम, हा कोर्स करू का?" स्क्रीनवर बहुतेक वेळा एकसारखंच काहीतरी असतं. स्टेथोस्कोप गळ्यात घातलेली हसरी मॉडेल, खाली चार-पाच गोल शिक्के, कापलेली जुनी किंमत, नवी किंमत, आणि "ऑफर आज रात्री १२ पर्यंत". अशा एका जाहिरातीवर लिहिलं होतं: घरबसल्या बीएलएस, प्रॅक्टिकल नाही, सर्टिफिकेट लगेच, व्हॅलिडिटी आजीवन.

या एका ओळीतच त्या संस्थेची पारख होऊन जाते. बीएलएस म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला जगवण्याचं पहिलं शिक्षण. छाती किमान पाच सेंटिमीटर दाबायची, सहाच्या पुढे जायचं नाही, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वाचायला सोपं आहे. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, करायला लावलं की पहिल्या मिनिटात दिसतं, कोपर वाकतंय, दाब खोल जात नाहीये, दमल्यावर हात छातीवरच टेकून राहतायत. चांगल्या तब्येतीची मुलगीसुद्धा दोन मिनिटांत घामाघूम होते, म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. हे हाताला कळावं लागतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनसुद्धा वाचायचा-ऐकायचा भाग ऑनलाइन करू देते, पण प्रशिक्षकासमोर हात चालवून दाखवल्याशिवाय बीएलएसचं कार्ड देत नाही. ते कार्ड दोन वर्षं चालतं आणि खरं आहे की नाही ते त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतं. मग "आजीवन" कुणी दिलं? जाहिरातीत बारीक अक्षरात असतं, "अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या गाइडलाइन्सप्रमाणे". गाइडलाइन्स जाहीर असतात, त्या वाचून कुणीही कोर्स बनवू शकतं. त्या असोसिएशननं तुम्हाला प्रशिक्षण केंद्र म्हणून मान्यता दिलीय का, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे, आणि तो विचारला की समोरून बहुधा उत्तर येत नाही.

त्याच कोर्सचा एक फुकट व्हिडिओ मी उघडून पाहिला. त्यात बेशुद्ध माणसाच्या तोंडाशी कान नेऊन श्वास "बघा, ऐका, जाणवून घ्या" असं शिकवत होते. ही पायरी २०१० सालीच काढून टाकली गेली. त्याच साली क्रमही बदलला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण असं होतं, ते आधी छातीवर दाब असं झालं. कारण त्या कान लावण्यात आणि तोंड उघडण्यात जे सेकंद जातात, तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळत नाही. इतक्या वर्षांपूर्वीचा धडा "लेटेस्ट" म्हणून विकला जातो आणि विकत घेणारी मुलगी नवीन असते, तिला हे कळत नाही. मला याचा राग येतो. तिचे पैसे तर जातातच, शिवाय उद्या एखाद्या घरचा माणूस जाऊ शकतो.

म्हणून मी मुलींना सांगते, धडा उघडला की पहिल्यांदा तारीख शोध. कुणी लिहिला, त्या माणसाचं शिक्षण काय, तो कुठे काम करतो, आणि धडा शेवटचा कधी तपासला गेला. चांगली संस्था हे पहिल्याच पानावर सांगते. "आमच्या तज्ज्ञ टीमनं बनवला" यावर समाधान मानू नकोस. माणसाचं नाव नसेल तर चूक निघाल्यावर बोलायचं कुणाशी? टीबीचंच घ्या. मुंबईत काम करायचं आणि टीबी नीट माहीत नाही, असं चालूच शकत नाही. पूर्वी सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून तीनदा गोळ्या द्यायचो. २०१७ पासून देशभर रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं चार औषधांच्या, पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी मुदतीच्या उपचाराला मंजुरी दिली. आता एखाद्या कोर्समध्ये अजून आठवड्यातून तीनदाचा तक्ता असेल, तर त्यातल्या बाकीच्या गोष्टी बरोबर आहेत की नाहीत हे बघायचीसुद्धा गरज नाही. तो कोर्स कुणीही सांभाळत नाहीये, एवढं त्यावरून कळतं.

हे झालं खोट्या किंवा आळशी संस्थांचं. त्यांना ओळखणं तसं सोपं आहे. खरी अडचण चांगल्या संस्थांची आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आमच्याकडे आलेल्या एका हुशार मुलीनं संसर्ग नियंत्रणावरचा एक परदेशी कोर्स केला होता. पैसे भरून, रात्री जागून, वहीत टिपणं काढून. कोर्स उत्तम होता, मी स्वतः चाळला. लेखकांची नावं होती, तारीख होती, संदर्भ होते, अमेरिकेतली मान्यता खरी होती. तिला मार्कही छान पडले. नंतर एकदा ड्रेसिंग झाल्यावर तिनं रक्तानं भिजलेला गॉज उचलला आणि लाल पिशवीत टाकला. मी शेजारीच उभी होते. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, इन्फेक्शियस वेस्ट ना, लाल."

तिच्या कोर्सप्रमाणे बरोबर होतं. अमेरिकेत संसर्गाचा कचरा म्हणजे लाल पिशवी. आपल्याकडे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताचा गॉज, कापूस, प्लास्टर, शरीराचा काढलेला भाग हे सगळं पिवळ्यात. लालमध्ये जातं ते वापरलेलं प्लास्टिक-रबर: सलाइनचे सेट, कॅथेटर, युरिन बॅग, ग्लोव्हज. सुया आणि ब्लेडसाठी पांढरा, सुई आरपार न जाणारा डबा. काच आणि शरीरात बसवायचे धातूचे भाग निळ्यात. रंग नुसते ओळखीसाठी नाहीत, त्यांच्या पुढचे रस्ते वेगळे आहेत. पिवळी पिशवी भट्टीत जळते. लाल पिशवीतलं प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात येतं. रक्ताचा गॉज लालमध्ये गेला, तर पुढे ते प्लास्टिक हाताळणाऱ्या माणसाच्या हातात तो पडतो. आणि आळसानं सलाइनचे सेट पिवळ्यात टाकले, तर प्लास्टिक जळून विषारी धूर निघतो. मुंबईतल्या हॉस्पिटलांचा हा कचरा वर्षानुवर्षं गोवंडीजवळच्या देवनारला जळत आला. गोवंडीच्या लोकांनी त्या धुराविरुद्ध किती आवाज उठवला आणि कोर्टापर्यंत जाऊन भांडले, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. परळच्या वॉर्डात पिशवी चुकली की तिचा भार गोवंडीतल्या एखाद्या मुलाच्या छातीवर पडतो. एवढं सगळं त्या चांगल्या कोर्समध्ये नव्हतं आणि असण्याचं कारणही नव्हतं. तो कोर्स इथल्या वॉर्डासाठी लिहिलेलाच नव्हता.

इन्सुलिनचंही तसंच आहे. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या बाटल्या अजून सर्रास मिळतात आणि त्यांची लाल टोपीची सिरिंज वेगळी असते. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपीची. परदेशी कोर्समध्ये १०० चंच गृहीत असतं, ४० चा उल्लेखही नसतो. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला ५० युनिट जातात. अडीच पट. त्याची साखर किती खाली जाईल, हे सिस्टरांना सांगायला नको.

त्यामुळे परदेशी कोर्स करूच नका, असं माझं म्हणणं अजिबात नाही. पडून राहून दाबाच्या जखमा कशा होतात, सेप्सिस, म्हणजे संसर्गानं सगळं शरीर ढासळणं, लवकर कसा ओळखायचा, मरणाच्या दारातल्या माणसाशी आणि त्याच्या घरच्यांशी कसं बोलायचं, यावर मी स्वतः परदेशी कोर्समधून खूप शिकले. शरीर सगळीकडे एकच आहे. कायदे, पिशव्या, औषधांची ताकद, सरकारी कार्यक्रम मात्र देशागणिक वेगळे. तेवढा भाग आपल्या हॉस्पिटलच्या एसओपीशी, म्हणजे लेखी ठरवलेल्या कार्यपद्धतीशी, ताडून घ्यायचा आणि वेगळं दिसलं की इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरला विचारायचं. त्या मुलीनं विचारलं असतं तर तो गॉज पिवळ्यात गेला असता. आता ती विचारते, आणि तिच्या हाताखालच्या मुलींनाही विचारायला लावते.

मान्यतेकडे येते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. ते चार-पाच गोल शिक्के नीट बघा. त्यातला एक बहुधा आयएसओ ९००१ चा असतो. तो खरा असला तरी संस्थेचा कारभार ठरवलेल्या पद्धतीनं चालतो एवढंच सांगतो. धड्यात औषधाचा डोस बरोबर आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरा एखाद्या "आंतरराष्ट्रीय" मंडळाचा असतो, ज्याचं संकेतस्थळ शोधलं की तोच पत्ता, तोच फोन निघतो. "गव्हर्नमेंट रजिस्टर्ड" म्हणजे कंपनी कायद्याखाली नोंद झालीय, एवढंच बहुतेक वेळा. कंपनी म्हणून नोंद कुणाचीही होते.

मी एकच रीत पाळते. पैसे घेणाऱ्याला विचारत बसायचं नाही. ज्याच्याकडे सर्टिफिकेट दाखवायचंय त्याला विचारायचं. नर्सिंगचं असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, फोर्टात. डॉक्टरांचं असेल तर मेडिकल कौन्सिल, आर्थर रोड नाक्याला. फार्मसीचं असेल तर फार्मसी कौन्सिल, मुलुंडला. राज्यभरचे लोक ज्या ऑफिसांसाठी गाडीनं रात्र काढून येतात, ती आपल्याला लोकलच्या पासावर मिळतात. जा, नाहीतर फोन करा, ईमेल करा, पण पैसे भरायच्या आधी करा. या संस्थेचे, या कोर्सचे, ऑनलाइन घेतलेले तास तुम्ही धरता का, किती धरता, आणि सर्टिफिकेटवर कुठला नंबर असावा लागतो? उत्तर लेखी मिळालं तर फारच बरं. संस्थेला मान्यता असणं आणि तो अमुक कोर्स क्रेडिटसाठी धरला जाणं, या दोन गोष्टी नेहमी एकत्र येतातच असं नाही. एका सिस्टरचे सगळे तास असेच अडले होते. संस्था नावाजलेली होती, कार्यक्रमही छान झाला, पण क्रेडिटसाठी आधी अर्ज करायचा असतो तो त्यांनी केलाच नव्हता. रिन्यूअलच्या तोंडावर तिची केवढी धावपळ झाली, ते मी पाहिलंय.

आणि नाव. लग्नानंतर सासरचं नाव आधारवर, माहेरचं नाव रजिस्ट्रेशनवर, आणि ऑनलाइन फॉर्म भरताना घाईत कुठलं तरी तिसरंच, "प्रिया पी." वगैरे. सर्टिफिकेटवर रजिस्ट्रेशनमधलंच नाव हवं, शेजारी रजिस्ट्रेशन नंबर, कोर्सची तारीख आणि तास. चांगल्या संस्था हे आधीच विचारून घेतात आणि चुकलं तर दुरुस्त करून देतात. दुरुस्तीसाठी फोन केला आणि कुणी उचललाच नाही, तर पुढच्या वेळी तिकडे जायचं नाही.

बाहेर जाणाऱ्या मुलींचा प्रश्न आणखी नाजूक, कारण त्यांच्याकडून पैसेही जास्त उकळले जातात. इंग्लंडला गेल्यावर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला दर तीन वर्षांनी ३५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, आणि त्यातले निदान २० तास इतरांबरोबर बसून, चर्चा करून घेतलेले असावे लागतात. म्हणजे एकटीनं रात्री व्हिडिओ बघून ते पूर्ण होणारच नाहीत. कुठला कोर्स करायचा हे ते कौन्सिल ठरवून देत नाही, तुमच्या कामाशी त्याचा संबंध असायला हवा, एवढं बघतं. कॅलिफोर्नियात नर्सला दर दोन वर्षांनी ३० तास लागतात आणि कोर्स देणाऱ्या संस्थेकडे तिथल्या नर्सिंग बोर्डाचा नंबर असावा लागतो. तो नंबर बोर्डाच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. एका ठिकाणचे तास दुसऱ्या ठिकाणी आपोआप चालत नाहीत. तेव्हा "जगभर मान्य" असं कुणी म्हणालं की कुठल्या देशात, कुठल्या मंडळाकडे, कुठल्या नंबरानं, एवढं विचारायचं. सांगणारे सांगतात. न सांगणाऱ्यांकडून फक्त ऑफर संपत आल्याचे मेसेज येत राहतात.

शिकवणाऱ्याला पैसा कोण देतं, हेही बघायला मुली आता शिकल्यात. जखमेच्या ड्रेसिंगवर एक फुकट वेबिनार होता. शिकवणारे डॉक्टर जाणकार होते, पण तासाभरात एकाच कंपनीचं ड्रेसिंग पुनःपुन्हा दिसत राहिलं आणि साध्या सलाइननं जखम धुण्याबद्दल दोन वाक्यं. आमच्या जनरल वॉर्डातल्या पेशंटला ते ड्रेसिंग परवडणार आहे का? अमेरिकेत डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाला मान्यता देणारी मुख्य संस्था औषधं आणि उपकरणं विकणाऱ्या कंपन्यांना अशी मान्यता देतच नाही, आणि शिकवणाऱ्याचे अशा कंपन्यांशी पैशाचे संबंध असतील तर ते आधी उघड करावे लागतात. आपल्याकडे नॅशनल मेडिकल कमिशननं २ ऑगस्ट २०२३ ला डॉक्टरांसाठी आचारनियम आणले, त्यात औषध कंपन्यांच्या पैशानं चालणाऱ्या अशा कार्यक्रमांपासून दूर राहायला सांगितलं होतं. त्याच महिन्याच्या २३ तारखेला ते नियम स्थगित झाले. मला ही गोष्ट खटकते. पण नियम असो वा नसो, "हा कार्यक्रम अमुक कंपनीच्या सहकार्यानं" अशी ओळ पहिल्या स्लाइडवर प्रामाणिकपणे असेल, तर ऐकणारीला काय गाळून घ्यायचं ते कळतं. मला त्या ओळीचा राग नाही, ती लपवण्याचा आहे.

पैसे भरायच्या आधी एक धडा तरी उघडून बघू द्यायला हवा. भेंडी घेतानासुद्धा आपण टोक मोडून बघतो. आणि त्या धड्यात मी सगळ्यात आधी शेवटचे प्रश्न बघते. "जागतिक परिचारिका दिन कधी असतो?" असा प्रश्न असेल तर तो कोर्स मी बंद करते. "पेशंटचं बीपी ८६ वर ५०, श्वास २८, लघवी चार तासांत ६० मिली, तो गुंगीत आहे. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत. तू आधी काय करशील?" असा प्रश्न असेल तर लिहिणाऱ्यानं कधीतरी नाइट केलीय, हे कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उत्तर चुकल्यावर काय होतं. नुसती लाल फुली येते, की का चुकलं ते दोन ओळींत समजावतात? आणि उत्तरं न वाचता टिचक्या मारत शेवटपर्यंत जाता येतं का? जाता येत असेल, तर त्या सर्टिफिकेटला माझ्या लेखी किंमत नाही, मग त्यावर कुणाचीही सही असो.

फुकट ते सगळं वाईट, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ पासून मोफत ऑनलाइन कोर्स द्यायला सुरुवात केली, आपल्या सरकारचं "स्वयं"ही २०१७ चंच. २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्रानं करोनाच्या कामासाठी आयगॉट दीक्षा हे ऑनलाइन प्रशिक्षणाचं व्यासपीठ सुरू केलं, तेव्हा पीपीई घालायचा-काढायचा क्रम आम्ही त्या व्हिडिओंवरून पक्का केला. आधी आम्ही ते मोबाइलवर बघायचो, आणि मग चेंजिंग रूममध्ये जोडीनं, एक काढतेय आणि दुसरी मोठ्यानं क्रम म्हणतेय. आधी बाहेरचे ग्लोव्हज, हात स्वच्छ, मग गाऊन, पुन्हा हात. मास्क सगळ्यात शेवटी, पट्टीला धरून, समोरून हात न लावता. आरशासमोर कितीदा केलं असेल! त्या दिवसांत ऑनलाइन शिकण्याची ताकद मी पाहिली. एका रात्रीत अख्ख्या शहरातल्या सिस्टर एकच क्रम शिकू शकत होत्या. मात्र मोफत कोर्सचे तास कौन्सिल धरेल का, हा प्रश्न तिथेही वेगळाच विचारावा लागतो. ज्ञानासाठी करा आणि क्रेडिटसाठी विचारून करा.

सर्टिफिकेट मिळालं की त्या पानावर भरवसा ठेवून सोडून देऊ नका. पीडीएफ उतरवा, ईमेलवर स्वतःला पाठवा, छापून फाइलला लावा, सोबत पैशाची पावतीही. संस्था बंद पडतात, संकेतस्थळं जातात, मोबाइल लोकलमध्ये चोरीला जातो. कॅलिफोर्नियाच्या बोर्डानं तर नर्सना चार वर्षं सर्टिफिकेट जपून ठेवायला सांगितलंय, आणि आपल्याकडे रिन्यूअलच पाच वर्षांनी येतं.

आता ज्यांच्यासाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं त्यांच्याबद्दल. मावशी आणि मामा. वॉर्डातल्या त्या पिशव्या बांधतात कोण, गाडीवर चढवतात कोण? बेडपॅन, सांडलेलं रक्त, मेलेल्या माणसाला शेवटचं पुसणं, हे सगळं त्यांच्याच हातून होतं. त्यांना कौन्सिल नाही, रजिस्ट्रेशन नाही, क्रेडिट पॉइंट नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी कोर्स विकायला कुणी येत नाही. सुई टोचण्याचा धोका त्यांनाच किती असतो! कुणीतरी घाईत सुई पिवळ्या पिशवीत टाकली की ती मावशीच्याच मांडीत घुसते. टोचली तर दाबून रक्त काढायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं, लगेच इन-चार्जला सांगायचं, आणि एचआयव्हीची बचावाची औषधं लागली तर ती ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू व्हायला हवीत. हे त्यांना मराठीत, हिंदीत, त्यांच्या वेळेला, डब्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं. फोनवरचा व्हिडिओ इथे उपयोगी पडतो, पण तो पाच मिनिटांचा, त्यांच्या भाषेतला आणि त्यांच्याच वॉर्डात चित्रित केलेला असावा लागतो. आम्ही तसे काही बनवले. त्यात आमच्याच एक मावशी आहेत, कॅमेऱ्यासमोर न बिचकता पिशवी पाऊण भरली की कशी बांधायची ते दाखवतात. नवीन आलेल्या मामांना त्या अभिमानानं सांगतात, "तो व्हिडिओ बघ, मी आहे त्यात."

आणि या सगळ्याला लागतो वेळ. सिस्टरनं स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या झोपेतून शिकायचं, तर ती स्वस्त आणि झटपट तेच शोधणार. तिला दोष देता येत नाही. हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या एनएबीएचचं असेसमेंट जवळ आलं की हॉस्पिटलं भराभर ट्रेनिंगची रजिस्टरं भरून घेतात. ते नेहमीच्या पाळीत का होऊ नये? आमच्या मेट्रनबाईंनी हट्टानं ड्यूटी लिस्टमध्ये शिक्षणाचे तास लिहायला लावलेत, आणि कोर्स आम्ही आधी तपासून निवडतो, फी हॉस्पिटल भरतं. मुलींचा कोर्सबद्दलचा पहिला प्रश्नच बदलला, "कितीला आहे?" ऐवजी आता "कुणी लिहिलाय?" विचारतात. यासाठी त्या पाळीला एक माणूस जास्त लावावा लागतो. तेवढा लावा, असं माझं या शहरातल्या प्रत्येक हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला कळकळीचं सांगणं आहे.